लाल लांडगा आणि कोयोट: नसबंदी करून परत सोडायचं, हे कसलं संवर्धन?

पाणकावळा (धागालेखक)

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात लाल लांडग्यांना कोयोटशी (लांडग्याहून लहान, त्याच्याच कुळातला रानटी प्राणी) होणाऱ्या संकराचा धोका आहे, हे ठाऊक होतं. पण तिथले लोक कोयोट पकडतात, त्यांची नसबंदी करतात आणि पुन्हा त्याच जागी सोडून देतात, हे वाचून चक्रावलो. ज्याचा उपद्रव आहे त्यालाच परत का सोडायचं? मारून का टाकत नाहीत?

दुसरं, एखादं जनावर लांडगा की संकरित, हे नक्की कशावरून ठरतं? टक्केवारीची रेघ कुठे आणि का मारतात?

तिसरं, टेक्सस-लुइझियानाच्या किनाऱ्यावरच्या कोयोटांमध्ये लाल लांडग्याची जनुकं सापडली म्हणून शास्त्रज्ञ खूश आहेत. म्हणजे एका किनाऱ्यावर संकर हटवायचा आणि दुसऱ्या किनाऱ्यावर जपायचा?

पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकराचा पुरावा मिळालाच आहे, तेव्हा यातलं इथे काय लागू पडतं तेही जाणकारांनी सांगावं. "माणूसच खरा पशू" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, तपशील हवेत.

दगडफूल

मूळ प्रश्नाआधी एक किरकोळ पण नेहमी घोळ घालणारी गोष्ट. मराठी बातम्यांत कोयोटला सर्रास "कोल्हा" म्हणतात. आपला कोल्हा म्हणजे सोनेरी कोल्हा. आणि भाषांतरित गोष्टींतला लबाड "कोल्हा" बऱ्याचदा भलताच, म्हणजे इंग्रजीतला फॉक्स असतो, त्याच्या आपल्याकडच्या भाऊबंदाला माळावर खोकड म्हणतात. कोयोट या दोघांहून वेगळा आणि फक्त अमेरिका खंडातला. वजन साधारण १० ते १६ किलो, लाल लांडग्याचं २० ते ३६.

हे सांगायचं कारण असं की लांडगा, कोयोट, कोल्हा, कुत्रा या सगळ्यांची गुणसूत्रं ७८. त्यामुळे लांडगा आणि कोयोट जुगले तर होणारी पिल्लं खेचरासारखी वांझ निघत नाहीत, पुढे वितात आणि मिश्रण पिढ्यान् पिढ्या वाहत राहतं. खोकडाचा हिशेब वेगळा, त्याचा या भानगडीत संबंध नाही.

गवताळ_मुलूख

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

नॉर्थ कॅरोलायनातले लाल लांडगे राहतात त्या अल्बेमार्ल द्वीपकल्पाला तीन बाजूंनी पाणी, फक्त पश्चिमेची बाजू जमिनीला जोडलेली. १९८७ मध्ये ॲलिगेटर रिव्हर अभयारण्यात लाल लांडग्यांच्या चार जोड्या सोडल्या, तेव्हा तिथे कोयोट नव्हते. ती जागा निवडण्यामागे हेही कारण होतं. नव्वदच्या दशकात पश्चिमेकडून कोयोट आले आणि गणित फिसकटलं.

आता समजा, एका हद्दीतली कोयोट जोडी मारली. जागा रिकामी झाली. कोयोटांची तरुण पिढी कायम जागेच्या शोधात भटकत असते, त्यातलं कुणीतरी लवकरच येऊन बसतं. हा नवा गडी प्रजननक्षम, गळ्यात माग काढायचा रेडिओ पट्टा नसलेला, आणि तो नेमका कुठे आहे याचा कुणालाच पत्ता नाही. शिवाय कोयोट विरळ केले की उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं, माद्या कमी वयात वितात, पिल्लं जास्त जगतात. वर्षानुवर्षं बंदुका चालवून अमेरिकेला कोयोट कमी करता आलेला नाही, उलट तो पसरला.

म्हणून १९९९-२००० च्या सुमारास "जागा राखणारा कोयोट" ही कल्पना आली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, अगदी तसं. नसबंदी केलेला कोयोट आपली हद्द राखतो, बाहेरच्या कोयोटांना हुसकावतो, पण स्वतःची पिल्लं होत नाहीत. लांडगा आला की तो अंगाने मोठा असल्याने कोयोटला स्वतःच उठवतो, कधी मारतोही. नाहीतर जीवशास्त्रज्ञ त्या कोयोटला काढून जागा मोकळी करून देतात. कोयोट जागेवरच असतो आणि पट्ट्यामुळे त्याचा ठावठिकाणाही माहीत असतो, त्यामुळे ते सोपं जातं.

इथे शस्त्रक्रियेचा प्रकार महत्त्वाचा आहे. नसबंदी म्हणजे खरोखर नसबंदीच: नराच्या शुक्रवाहिन्या आणि मादीच्या बीजवाहिन्या कापून बांधायच्या. वृषण आणि अंडाशय जागेवर ठेवायचे. भटक्या कुत्र्यांवर करतात ती, सगळं काढून टाकणारी शस्त्रक्रिया इथे चालत नाही. मुतून हद्द आखणं, ओरडून दावा सांगणं, जोडीदाराला धरून राहणं, हे वागणं संप्रेरकांशी बांधलेलं आहे. खच्ची केलेला बैल निवळतो, तसा कोयोट निवळला तर रुमालच उडून गेला म्हणायचं.

प्रत्यक्षात क्रम असा: रबर लावलेल्या जबड्याचा पायसापळा, त्याची रोज तपासणी (उशीर झाला की पाय सुजतो आणि जनावर दात मोडून घेतं), वजन-मापं, रक्ताचा नमुना, कातडीखाली ओळखचिप, लांडगा नाही याची खात्री, शस्त्रक्रिया, रेडिओ पट्टा, आणि जिथे पकडला तिथेच सुटका. दुसरीकडे सोडला तर तो हद्द राखत नाही, नुसता हिंडतो. अलीकडे लांडग्यांना भगव्या आणि नसबंदी केलेल्या कोयोटांना पांढऱ्या रंगाचे, उजेडात चमकणारे पट्टे घालतात. शिकाऱ्याने चाप ओढण्यापूर्वी दुर्बिणीत रंग दिसावा, एवढाच हेतू.

चुकतं कुठे? जोडीतला एकच हाती लागतो तेव्हा. नराची नसबंदी झाली आणि मादी मोकळी राहिली, तर ती दुसऱ्या नराकडून विऊ शकते. मादीची नसबंदी झाली असेल तर ती जिवंत असेपर्यंत त्या हद्दीत सहसा वेत होत नाही. त्यामुळे एकच सापडणार असेल तर मादी सापडलेली बरी. दुसरी अडचण पट्ट्याच्या बॅटरीची. ती संपली की जनावर मेलं, हललं की तिथेच आहे, काहीच कळत नाही, आणि जागा भरलेली समजून आपण गाफील राहतो.

एप्रिल-मेमध्ये बिळं शोधून पिल्लांचा रक्ताचा थेंब घेतात. वेत संकरित निघालं तर पिल्लांना दयामरण दिलं जाई. ही या कामाची कडू बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. याच्या उलट, बंदिवासात जन्मलेली जेमतेम दोन आठवड्यांची पिल्लं रानातल्या वेतात मिसळून देतात, लांडगीण ती आपली म्हणून वाढवते. दोन्ही वेतांच्या वयात फार अंतर असेल तर छोटी पिल्लं दुधावाचून मागे पडतात, म्हणून तारखा जुळणं हाच खरा अडसर.

या खटाटोपाचा परिणाम असा की रानातल्या लाल लांडग्यांत कोयोटचा अंश चार टक्क्यांच्या आत राहिला. माझ्या मते पद्धत चालली. कार्यक्रम का घसरला, ते वेगळं प्रकरण आहे.

सव्वाशेर

दुसरा प्रश्न: लांडगा कुणाला म्हणायचं.

सुरुवात डीएनए चाचण्यांच्या आधीची आहे. १९७३ ते १९८० मध्ये टेक्सस-लुइझियानाच्या किनारी दलदलीत चारशेहून जास्त जनावरं पकडली. कवटीची मापं, वजन, उंची, ओरडण्याचा सूर असं बघून त्यातली फक्त ४३ निवडली आणि वॉशिंग्टन राज्यात टॅकोमाच्या पॉइंट डिफायन्स प्राणिसंग्रहालयाच्या प्रजनन केंद्रात पाठवली. तिथे त्यांची पिल्लं बघून आणखी गाळणी लावली. पिल्लं कोयोटसारखी निघाली की आईबाप बाद. उरली १७, त्यातल्या १४ जणांचा वंश पुढे चालला. १९८० मध्ये लाल लांडगा रानातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. आज जगात जेवढे लाल लांडगे आहेत, ते सगळे या चौदांचे वंशज.

नॉर्थ कॅरोलायनात पुढे १७ मायक्रोसॅटेलाइट ठिकाणांची चाचणी वापरली. डीएनएमध्ये छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची संख्या लांडग्यात आणि कोयोटमध्ये वेगवेगळ्या प्रमाणात सापडते. अशा १७ जागा एकत्र बघून जनावराचा किती वाटा लांडग्याचा, याचा अंदाज बांधतात. रेघ ८७.५ टक्क्यांवर. हा आकडा आकाशातून पडलेला नाही, तो सात अष्टमांश आहे: आठ पणजोबा-पणज्यांपैकी एक कोयोट चालेल, दोन नाही. पहिल्या पिढीचा संकर ५० टक्के, तो लांडग्याशी जुगला की ७५, पुन्हा लांडग्याशी की ८७.५.

रेघ तिथेच का? एक म्हणजे चाचणीची कुवत. १७ ठिकाणांवर पहिल्या दोन पिढ्या ठळक दिसतात, त्यापुढे आकडा धूसर होत जातो. दुसरं म्हणजे रेघ ९९ वर नेली तर आधीच चौदा जणांवर उभी असलेली प्रजा आणखी चाळली जाते आणि आतल्या आत संबंध वाढतात. रेघ निसर्गाने मारलेली नाही, माणसाने सोय बघून मारली आहे. ते मान्य केलं की निम्मे वाद मिटतात.

नमुन्यांबद्दल दोन शब्द, कारण निष्कर्ष बहुतेक इथेच बिघडतात. विष्ठेतून डीएनए काढायचा तर वरचा थर खरवडून घ्यायचा. आतड्याच्या पेशी तिथे असतात, आत सगळं भक्ष्याचं केस-हाड. नमुना अल्कोहोलमध्ये किंवा सिलिकावर कोरडा ठेवायचा, फॉर्मलिनमध्ये कधीच नाही. उन्हापावसात पडलेल्या विष्ठेतला डीएनए तुटलेला असतो. मग एका जागेच्या दोन प्रतींपैकी एकच वाचली जाते आणि दुसरी हरवते. ती हरवलेली प्रत कोयोटकडून आलेली असेल तर संकरित जनावर कागदावर शुद्ध लांडगा ठरतं. त्यामुळे एका वाचनावर विश्वास ठेवायचा नाही, तोच नमुना अनेकदा चालवायचा.

आणि फक्त मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बघून "संकर नाही" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. तो केवळ आईकडून येतो. लांडगीण आणि कोयोट नर यांच्या पिल्लात तो शंभर टक्के लांडग्याचाच दिसणार.

तरवड

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम, पण दोघांनीही रोगापेक्षा औषधावर जास्त लिहिलंय. लांडगीण कोयोटशी जुगते कधी? धडधाकट लांडगा मिळत नसेल तेव्हा.

लाल लांडगे वर्षातून एकदा, साधारण फेब्रुवारीच्या आसपास जुगतात. त्याआधीचे महिने म्हणजे हरणांच्या शिकारीचा हंगाम. त्या हंगामात जोडीतला एक गोळीला बळी पडला की उरलेल्याला थोड्या आठवड्यांत जोडीदार शोधायचा असतो. शेकडो चौरस किलोमीटरमध्ये दुसरा मोकळा लांडगा नसतो, कोयोट मात्र दारातच असतो. संकराची वेतं जोडी फुटलेल्या ठिकाणी जास्त सापडतात, आणि त्यांत तरुण, अंगाने लहान लांडगिणी जास्त. भरलेल्या टोळीतली लांडगीण कोयोटला जवळ करत नाही, हाकलते.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिथे १२० च्या आसपास लांडगे होते. मग गोळीबारात मृत्यू वाढले, जमीनमालकांशी तंटा वाढला. २०१४ मध्ये कोर्टाने डेअर, हाइड, टिरेल, वॉशिंग्टन आणि बोफोर्ट या पाच काउंटींत कोयोटच्या शिकारीला मनाई केली, कारण धुरकट उजेडात पन्नास पावलांवरून तरुण लाल लांडगा आणि मोठा कोयोट वेगळा ओळखता येत नाही. २०१५ मध्ये सरकारने नवे लांडगे सोडणंच थांबवलं. २०२० पर्यंत पट्टा असलेले जेमतेम सात उरले. पुन्हा कोर्टकचेरी, पुन्हा सोडणं सुरू, आणि २०२२ मध्ये चार वर्षांत पहिल्यांदा रानात सहा पिल्लांचं वेत झालं. या सगळ्या काळात नसबंदीचं तंत्र तेच होतं, मधल्या काळात सीटवर बसायला प्रवासीच उरले नव्हते.

कॅनडातलं उदाहरण याहून बोलकं आहे. ओंटारियोतल्या ॲल्गॉन्क्विन उद्यानातले पूर्वेकडचे लांडगे हिवाळ्यात हरणांमागे उद्यानाबाहेर जात आणि मारले जात. २००१ मध्ये आजूबाजूच्या टाउनशिपमध्येही शिकारबंदी आली, पुढे ती कायम झाली. लांडग्यांची घनता फारशी बदलली नाही, शंभर चौरस किलोमीटरला तीनच्या आसपास. बदललं ते टोळीचं आतलं रूप. बाहेरचं, नात्यात नसलेलं जनावर सामावून घेतलेल्या टोळ्या ८० टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आल्या. कुटुंब पुन्हा कुटुंब झालं. परक्याला आत शिरायला फट राहिली नाही, आणि तो परका तिथे बऱ्याचदा कोयोटच असतो. म्हणून डोकी मोजून शिकारीचा कोटा ठरवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. संख्या तीच ठेवूनही टोळ्या मोडता येतात.

पाणकावळा

सगळ्यांचे आभार, रुमालाचं उदाहरण डोक्यात बसलं. पण मग पश्चिम अमेरिकेत, यलोस्टोनसारख्या ठिकाणी करडे लांडगे आणि कोयोट शेजारी राहतात, तिथे संकराची बोंब का नाही? आणि गल्फच्या, म्हणजे टेक्सस-लुइझियाना किनाऱ्यावरच्या कोयोटांचं राहिलंच.

सव्वाशेर

यलोस्टोनमध्ये करडा लांडगा कोयोटला मारतो, जुगत नाही. जुगूच शकत नाही असं मात्र नव्हे. बंदिवासात कोयोट माद्यांना पश्चिमेकडच्या करड्या लांडग्यांच्या वीर्याने कृत्रिम रेतन केलं, त्यातून जिवंत पिल्लं झाली, २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे अडसर शरीराचा नाही, वागण्याचा आणि आकारातल्या फरकाचा आहे. पूर्वेकडे लांडगा आकाराने लहान, त्यात माणसाने तो विरळ केला, आणि तिथे भिंत कोसळली. ईशान्य अमेरिकेतला कोयोट आज स्वतःच मिश्र आहे. साधारण साठ टक्क्यांच्या वर कोयोट, बाकी लांडगा आणि दहाएक टक्के कुत्रा.

आता गल्फ. २०१८ मध्ये टेक्ससच्या गॅल्व्हस्टन बेटावर रस्त्यात गाडीखाली मेलेल्या दोन जनावरांच्या ऊतींची तपासणी प्रिन्स्टनच्या ब्रिजेट व्हॉनहोल्ट यांच्या गटाने प्रसिद्ध केली. त्यांत लाल लांडग्याची जनुकरूपं होती, आणि काही अशीही, जी बंदिवासातल्या एकाही लाल लांडग्यात नाहीत आणि इतर कुठल्या ज्ञात श्वानकुळातही नाहीत. सत्तरच्या दशकातल्या गाळणीतून निसटलेला ऐवज असावा, हा त्याचा सगळ्यात सरळ अर्थ. चारशेतून चौदा निवडताना बाकीच्यांमधलं बरंच काही सोडून दिलं गेलं होतं, ते कोयोटांच्या अंगात टिकून राहिलं. २०२२ च्या कामात नैऋत्य लुइझियानातल्या काही जनावरांत निम्म्याहून जास्त वाटा लाल लांडग्याचा निघाला.

तेव्हा दोन किनाऱ्यांवर दोन न्याय दिसतात ते असे: कॅरोलायनात कोयोटचा डीएनए आत आला तर असलेलं पातळ होतं. गल्फमध्ये लांडगे राहिलेच नाहीत, तिथे पातळ करण्यासारखं काही नाही, तो जुना ठेवा आहे. प्रश्न बदलला की उत्तर बदलणारच.

तरवड

"ठेवा" म्हणताना हात थोडा आखडता घ्यावा. तिथलं कोयोटसारखं जनावर लाल लांडग्यांच्या प्रजननात घेतलं तर लांडग्याच्या जनुकांबरोबर कोयोटची जनुकंही येणार. मग पिढ्यान् पिढ्या लांडग्याशीच जोड लावून, दर पिढीत फक्त हवे ते तुकडे असलेली पिल्लं निवडावी लागतील. पहिल्या चार-पाच पिढ्यांची पिल्लं कायद्याच्या दृष्टीने कोण? अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात संकरित जनावराबद्दल स्पष्ट तरतूद नाही. १९९६ मध्ये एका धोरणाचा मसुदा आला, तो कधी अंतिम झालाच नाही. एप्रिल २०२५ मध्ये एका कंपनीने गल्फच्या कोयोटांच्या रक्तपेशींपासून क्लोन बनवून ते "लाल लांडगे" म्हणून जाहीर केले, तेव्हा अनेक संशोधकांनी नावालाच हरकत घेतली. माझीही आहे. पेशी गोठवून ठेवा, नकाशे करा, पण रानातली शेवटची वीस-तीस जनावरं गोळीपासून वाचवण्याचा पैसा तिकडे वळवू नका.

सव्वाशेर

पैशाच्या मुद्द्याशी सहमत. पेशी गोठवण्याशीही. पण चौदा पूर्वजांवरची प्रजा किती काळ निरोगी राहील, याचं उत्तर तुमच्या प्रतिसादात नाही. लाल लांडगा ही मुळातच कोयोट-लांडग्याच्या जुन्या मिश्रणातून आली की स्वतंत्र शाखा आहे, यावर जनुकशास्त्रज्ञ अजून भांडताहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१९ मध्ये ती वैध प्रजाती ठरवली, ती हा सगळा गुंता समोर ठेवूनच.

चंडोल

शेवटच्या प्रश्नाबद्दल. पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर वेगळ्या रंगाची लांडग्यासारखी जनावरं दिसत होती, त्यांचे नमुने जनुकीय पद्धतीने तपासून लांडगा-कुत्रा संकराचा भारतातला पहिला पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवात स्थानिक लोकांनी काढलेल्या फोटोंपासून झाली होती.

अमेरिकेचा रुमाल मात्र इथे टाकता येणार नाही. कोयोट शिकार करून जगतो म्हणून हद्द राखतो. आपला भटका कुत्रा उकिरड्यावर आणि माणसाच्या हातावर जगतो. नसबंदी केलेल्या कुत्र्यांची टोळी माळावर राहिली तर ती लांडग्यासाठी सीट धरत नाही, त्याची शिकार पळवते आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य रोग), रेबीज पसरवते. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते आणि नर कुत्रा बारमाही तयार असतो, त्यामुळे लांडगीण ज्या काळात माजावर येईल त्या काळात कुत्रा हजरच. लांडगीण आणि नर कुत्रा हीच जोडी संकरात जास्त आढळते. म्हणून माळालगतच्या गावांत फक्त कुत्र्या पकडून नसबंदीचे आकडे भरण्यात काही अर्थ नाही, नरही धरायला हवेत. आणि वाड्यावरची राखणीची कुत्री सोडून चालणार नाही, कारण लांडग्याच्या सगळ्यात जवळ तीच असतात. तिथे धनगरांना आधी विश्वासात घ्यावं लागतं. नसबंदी केलेला कुत्रा राखण सोडतो ही त्यांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही, वरच कोयोटच्या बाबतीत तीच चर्चा झाली. अशा राखणदार नरांसाठी खच्चीकरणाऐवजी शुक्रवाहिन्या बांधण्याचा पर्याय विचारात घ्यायला हरकत नाही.

त्याहून आधी करायचं काम म्हणजे पोल्ट्रीची मेलेली कोंबडी उघड्यावर फेकणं बंद करणं. सासवड-बारामती पट्ट्यात लांडगा आणि कुत्रा एकाच ढिगावर येतात. खोल खड्डा, वर चुना, त्यावर माती आणि उकरता येऊ नये म्हणून काटेरी फांद्या.

कुणाला विचित्र रंगाचा लांडगा दिसला तर तारीख, वेळ आणि बाजूने काढलेला फोटो जपून ठेवा: शेपटी, कान आणि छातीवरचा पांढरा ठिपका दिसेल असा. तो वनविभागाला किंवा माळरानावर काम करणाऱ्या अभ्यासकांना द्या, ठिकाणासकट समाजमाध्यमांवर टाकू नका. विष्ठा किंवा केस स्वतः गोळा करू नका. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, नमुन्यांना परवानगी लागते. आणि फोटोवरून "हा संकरितच" असा निकाल देऊ नका. काळपट किंवा फिकट लांडगे शुद्धही असतात.